यादीतलं पहिलं नाव

ब्रेग्लूमच्या लोकांनी मला पहिले चार महिने बोलणं सोडून सगळं काही दिलं. बसायला खुर्ची दिली, कॉफी दिली, राकीचा, म्हणजे घरी गाळलेल्या फळांच्या दारूचा, पेला पुढे ठेवला, निघताना पिशवीत अक्रोड भरून दिले. आमच्या डोंगरात दारात आलेल्याला कुणी रिकामं पाठवत नाही, मग तो पोलीस का असेना. पण मी ताफिलच्या कॉफीच्या दुकानात शिरलो की बोलणं हवापाण्यावर यायचं. हवा बरी आहे, मका बरा आहे, सगळेच बरे आहेत. दोन घरांत डोकी फुटलेली मी स्वतः पाहिली होती, पण विचारलं की उत्तर एकच, पायरीवरून घसरला.

मी मूळचा गणिताचा मास्तर. खाली तालुक्याच्या शाळेत नऊ वर्षं शिकवलं. सत्त्याण्णवच्या वसंतात सरकार कोसळलं आणि लोकांनी लष्कराची कोठारं फोडली, तेव्हा ज्याच्या खांद्याला झेपेल तेवढं त्यानं घरी नेलं. पोरंसोरं हातबॉम्ब घेऊन हिंडत होती. माझ्या सातवीतली एक मुलगी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. कुणीतरी मजेत आकाशात झाडलेली गोळी खाली आली ती तिच्या मानेत. वर्गात तिचा बाक रिकामा ठेवून मी वर्षभर शिकवलं, आणि मग पोलिसांत नवी भरती निघाली तेव्हा अर्ज केला. बायको म्हणाली, लाव्दोश, तुला वेड लागलंय. मी म्हटलं, लागलं असेल.

सहा आठवडे परदेशी लोकांनी आम्हाला शिकवलं. पोलीस म्हणजे हुकूम नाही, सेवा. लोकांना तुमचं नाव ठाऊक हवं, लोकांच्या घरी तुम्ही पायी गेलं पाहिजे. मागच्या बाकावरचे जुने हवालदार हसायचे, कारण पायी घरोघर जाणारा पोलीस आमच्याकडे पूर्वी, कम्युनिस्ट राजवटीतही होता. त्याला ऑपरेटिव म्हणायचे, तो साध्या कपड्यांत यायचा आणि तो येऊन गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी घरातला एक माणूस कमी व्हायचा. ब्रेग्लूममध्ये म्हाताऱ्या बायका मलाही पाठीमागे ऑपरेटिवच म्हणत. मी गणवेशात जायचो तरी.

तीन वर्षं ठाण्यात कागदी कामं केल्यावर माझ्याकडे तीन गावं आली, ब्रेग्लूम त्यांतलं मोठं, एकशे चाळीस उंबरे. काम साधं होतं. लोकांनी बंदुका आपणहून आणून द्यायच्या. नाव विचारायचं नाही, खटला भरायचा नाही. पुरेशी हत्यारं जमली तर एक परदेशी संस्था हमरस्त्यापासून शाळेपर्यंत चार किलोमीटर डांबरी रस्ता करून देणार होती. तिथं तेव्हा असा चिखल होता की हिवाळ्यात बाळंतिणीला खाटेवर घालून खाली आणावं लागे. तरी चार महिन्यांत मला मिळालं काय, तर दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची एक गंजकी शिकारी बंदूक, आणि तीही चर्चच्या पडक्या भिंतीत कुणी सोडून दिलेली.

मग मी राकिपकडे जायला लागलो. राकिप पन्नाशीचा, उंच, थोडा वाकलेला. त्याची आलुबुखाराची बाग होती आणि त्याची राकी सगळ्या खोऱ्यात मानायचे. त्याची मुलगी खाली शिकायला होती तेव्हा माझ्या वर्गात होती. नेहमी माझ्याशी बोलायचा तो तेवढ्यापुरताच. म्हणायचा, "पोरीला अपूर्णांक तुझ्यामुळे कळले, मला अजून नाही कळले." त्याच्या बापाला चौऱ्याहत्तर साली नेलं होतं. पावाच्या रांगेत उभा असताना म्हातारा म्हणाला होता की पावाला रॉकेलचा वास येतो. एवढ्यावर दहा वर्षं, तांब्याच्या खाणीत. आठव्या वर्षी तिथंच गेला. त्या रांगेत तेरा माणसं होती. त्यांतलं कोण बोललं ते कधीच कळलं नाही, आणि म्हणून राकिपच्या घराचं तेराही घरांशी कायमचं थोडं थोडं बिनसलेलं राहिलं. लग्नाला जायचे, मयताला जायचे, पण त्यांच्याकडे पाठ करून बसायचे नाहीत.

जानेवारीत एका दुपारी तो बागेत छाटणी करत होता. मी फांद्या गोळा करायला लागलो. चार-पाच झाडं झाली. मग त्यानं कात्री थांबवली आणि विचारलं, "समजा मी दिली. माझं नाव लिहिणार?"

"नाही."

"बाबांच्या वेळचा ऑपरेटिवसुद्धा लिहायचा नाही. पाठ करायचा."

मी हसलो. तो हसला नाही.

मग त्यानं मला कासेमचं सांगितलं. कासेम त्याचा सख्खा चुलतभाऊ, बांधाला बांध लागून. सामुदायिक शेती मोडली आणि जमिनी वाटल्या तेव्हा पाण्याच्या पाटाचा वाद उरला. पाट कासेमच्या रानातून राकिपच्या रानात येतो, आणि कासेमचं म्हणणं की आजोबांनी तो सगळाच त्याच्या बापाच्या वाट्याला दिला होता. सत्त्याण्णवच्या आधी दोनदा फावडी उगारून झाली होती. त्यानंतर मात्र शांतता. राकिप म्हणाला, "त्याच्या घरी दोन बंदुका आहेत, माझ्या घरी एक. आमचा पाट चालतोय तो त्या तिघींच्या जिवावर. मी पाळीला दारं धरायला जातो तेव्हा तो लांबून बघतो आणि घरात जातो. त्याची पाळी आली की मी घरात जातो. पाच वर्षं एक शिवी नाही."

मी त्याला जे सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, कुणीतरी पहिलं दिल्याशिवाय दुसरा देणार नाही, तू दिलीस तर गाव देईल, गावानं दिल्यावर कासेमलाही द्यावी लागेल. आणि त्यानं नाही दिली तरी तू दिलीस हे त्याला कधी कळणार नाही.

त्याला विचार करायला तीन आठवडे लागले. त्याची बायको हातिजे विरोधात होती. ती बुटकी, भरभर चालणारी, बोलताना समोरच्याकडे न बघता हातातल्या कामाकडे बघणारी बाई. ज्या दिवशी मी पोतं न्यायला गेलो त्या दिवशी ती चुलीवर भाकरी उलटत होती. तिनं विचारलं, "नाही कळणार म्हणताय, पण कळलं तर?" मी म्हटलं, वहिनी, माझ्याशिवाय हे कुणालाच ठाऊक नाही.

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

बंदूक पिठाच्या पोत्यात होती, नीट तेल लावलेली, सोबत चार भरलेली मॅगझिनं. राकिपनं स्वतः माझ्या गाडीत सरपणाखाली ठेवली. मग माझा हात धरून म्हणाला, "बेसा?" आमच्याकडे हा वचनाचा शब्द कुणी उगाच तोंडातून काढत नाही. दिलेला मोडला तर माणसानं तोंड दाखवायचं नसतं. मी म्हटलं, बेसा.

मी कुणाला काही सांगितलं नाही. पण गावाला वास लागतो. कुणी दिली ते नाही, पण कुणीतरी दिली आणि कुणालाच धरून नेलं नाही, एवढं पसरलं. मार्चमध्ये पाच आल्या, एप्रिलमध्ये एकोणीस. कुणी शाळेच्या मागे ठेवून जायचं, कुणी मला हाक मारून गोठ्यात न्यायचं. एका विधवेनं तोफगोळ्यांची पेटी दिली, तिनं त्यावर पाच वर्षं कोंबड्या उबवायला बसवल्या होत्या. मे संपेतो बासष्ट बंदुका झाल्या. कासेमची एकही नव्हती. मी त्याच्याकडे चारदा गेलो. त्यानं चारही वेळा कॉफी पाजली आणि सांगितलं की त्याच्याकडे कधी काही नव्हतंच.

तो उन्हाळा माझ्या नोकरीतला सगळ्यांत चांगला काळ. लोक मला मास्तर म्हणायला लागले. ताफिलच्या दुकानात मी शिरलो तरी बोलणं चालू राहायचं, माझी चेष्टासुद्धा व्हायची. ताफिल म्हणायचा, "मास्तर आले, पाढे म्हणा." एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की त्याचा जावई त्याच्या लेकीला मारतो, काही करता येईल का. एकाची गाय चोरीला गेली तर तो सरळ माझ्याकडे आला, भावांना घेऊन शेजारच्या गावावर चालून गेला नाही. गाय सापडली. एवढ्याशा गोष्टीचा मला किती आनंद झाला होता ते आता सांगायलाही लाज वाटते. जूनमध्ये रस्त्याच्या आखणीला माणसं आली आणि मुलं त्यांच्या मागे दोरी धरत फिरली.

त्याच महिन्यात इमेर साहेबांनी मला बोलावलं. इमेर आमच्या ठाण्याचे प्रमुख. वाईट माणूस नव्हे. जाडजूड, गप्पिष्ट, दुपारी दोन तास जेवणारा, सगळ्या तालुक्याशी ओळख असलेला. ते म्हणाले, बासष्टचा आकडा मस्त आहे, पण वर राजधानीला नुसता आकडा कसा पाठवू, घरवार यादी दे. मी म्हटलं, यादी करायची नाही असंच ठरलंय. ते म्हणाले, "अरे, ज्यांनी दिलं त्यांचीच यादी मागतोय. गुन्हेगारांची थोडीच? चांगल्या माणसांची नावं लिहायला काय हरकत? माझ्या खणात राहील."

मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी बसून लिहून दिली. छत्तीस नावं, तारखेनं लावलेली, समोर काय दिलं ते. पहिलं नाव राकिपचं.

का दिली, हे मला पुढे अनेकांनी विचारलं आणि मी वेगवेगळी उत्तरं दिली. खरं उत्तर असं आहे की वरून मागितलं की द्यायचं असतं, हे माझ्या हाडात होतं. तेविसाव्या वर्षी, शाळेत नवा लागलो तेव्हा, मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावून शिक्षकांच्या खोलीत कोण काय बोलतं ते महिन्याला थोडक्यात लिहायला सांगितलं होतं. मी तीन ओळी लिहिल्या होत्या. इतिहासाचे सर हिवाळा फार लांबला म्हणतात, भूगोलाच्या बाई चपलांबद्दल तक्रार करतात, असलं काहीतरी निरुपद्रवी. त्यांना काही झालं नाही. निदान मला तसं वाटतं, मी कधी चौकशी केली नाही. राजवट गेली, पुतळे गेले, आणि मला वाटलं होतं तो तेवीस वर्षांचा पोरगाही गेला. तो कुठं गेला नव्हता. इमेर साहेबांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून तोच बसला आणि त्यानं सुवाच्य अक्षरात यादी लिहिली.

ऑगस्टच्या नऊ तारखेला, भर दुपारी, राकिप पाण्याच्या पाळीला दारं धरायला गेला. पाळी त्याची होती. पाट कोरडा होता. वर कासेमनं दगड लावून पाणी आपल्याकडे वळवलं होतं. राकिप फावडं घेऊन वर गेला आणि दगड काढायला लागला. कासेम घरातून आला तो बंदूक घेऊनच. खालच्या रानात मका खुरपणाऱ्या बायकांनी ऐकलं त्यावरून, बोलाचाली फार झाली नाही. राकिप म्हणाला, पाळी माझी आहे. कासेम म्हणाला, आता पाळ्या संपल्या. मग चार गोळ्या झाडल्या.

मी पोचलो तेव्हा पाणी पुन्हा राकिपच्या रानात वाहायला लागलं होतं, कारण त्यानं काढायचे ते दगड काढून झाले होते. तो पाटाच्या कडेला उताणा पडला होता. हातिजे त्याच्या पायांपाशी बसून त्याच्या बुटांना लागलेला चिखल बोटानं काढत होती. मी पंचनामा केला, अंतरं मोजली, पुंगळ्या उचलल्या. तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं, पण माझ्या हातात मोजपट्टी होती आणि मी मोजत राहिलो.

कासेम दोन दिवसांनी बहिणीच्या घरी सापडला. पळाला नव्हताच फारसा. जबाब मी लिहून घेतला. त्यानं सगळं सांगितलं, पाट, आजोबा, पाच वर्षांचा राग. मी विचारलं, राकिपकडे हत्यार असेल ही भीती नाही वाटली? हा प्रश्न विचारायलाच हवा असतो. तो म्हणाला, "त्याच्याकडे कुठं काय होतं? फेब्रुवारीतच दिली ना त्यानं तुम्हाला. ठाण्यात लिहिलेलंच आहे. माझ्या मेव्हण्यानं सांगितलं."

माझी लेखणी थांबली. तो माझ्याकडे बघत होता, दुष्टपणानं वगैरे नाही, मी पुढचं का विचारत नाही म्हणून.

मी जबाब तसाच टेबलावर ठेवून इमेर साहेबांच्या खोलीत गेलो. कासेमचा मेव्हणा खाली शहरात सिमेंट-लोखंडाचं दुकान चालवतो आणि साहेबांबरोबर दर गुरुवारी जेवतो, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. साहेबांनी नाकारलं नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग म्हणाले की त्यांनी कौतुकानं सांगितलं होतं. बघा, राकिपसारख्या कडव्या माणसानंसुद्धा दिली, तुमच्या कासेमला समजवा की जरा. त्यांना खरंच वाटलं होतं की अशानं कासेम देईल. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्यांचा राग येईना, कारण हेच जानेवारीत मी स्वतः राकिपला म्हटलं होतं.

मग ते म्हणाले, "जबाबातलं ते एक वाक्य गाळ. खुनी तर हातात आहे. त्या वाक्यानं राकिप परत येणार आहे का? उद्या ते कोर्टात वाचलं गेलं तर अख्ख्या जिल्ह्यात पुन्हा एक बंदूक कुणी देणार नाही. तुझंच काम बुडेल."

ते बरोबर बोलत होते, हे मला आजही वाटतं. मी परत गेलो, जबाब पुढे लिहिला, ते वाक्य तसंच ठेवलं आणि कासेमची सही घेतली. मग खाली एक टीप जोडली की यादी माझ्या हातची आहे, अमुक तारखेला मी ती ठाणेप्रमुखांना दिली. तिच्यावर माझी सही केली. साहेबांनी वाचली आणि शिक्का मारला.

चौथ्या दिवशी मी गणवेशातच ब्रेग्लूमला गेलो. दुपारी ताफिलच्या दुकानात पंधरा-वीस माणसं होती. मी उभं राहून सांगितलं. यादी केली, ती मी केली, पहिलं नाव राकिपचं होतं, तिथून बातमी कासेमपर्यंत गेली. इतर पस्तीस नावंही त्या कागदावर आहेत, हेही सांगितलं, कारण ज्यांची होती त्यांतले निम्मे समोर बसले होते. भाषण तयार केलं होतं, ते आठवलंच नाही. एवढं सांगून मी थांबलो. मला वाटलं होतं कुणी शिवी देईल, कुणी मारेल. मी मनातून त्याची वाटच बघत होतो. तसं काही झालं नाही. एकेक जण उठला, टोपी घातली, बाहेर गेला. गायवाला माझ्या शेजारून जाताना माझ्या अंगाला आपलं अंग लागणार नाही असा वळून गेला. शेवटी ताफिल उरला. त्यानं माझा कप उचलला आणि टेबल पुसलं.

"कॉफीचं काही देऊ नका," तो म्हणाला. "पुन्हा मात्र येऊ नका, साहेब."

मास्तर नव्हे, साहेब.

हातिजेकडे जायला मला आणखी दहा दिवस लागले. मयताचा चाळिसावा दिवस पाळायच्या आधी जावं असं वाटत होतं. मुलगी शहरातून येऊन राहिली होती, तिनं दार उघडलं, मला ओळखलं आणि बाजूला झाली. हातिजे अंगणात मिरच्या ओवत होती. मी बसलो. तिनं सुई-दोरा खाली ठेवला नाही.

"तू लिहिलंस?" तिनं विचारलं. आजवर ती मला अहोजाहो करायची.

"हो."

"कुणी सांगितलं होतं लिहायला?"

"साहेबांनी."

"माझ्या सासऱ्यांचं ज्यानं सांगितलं, त्यालाही कुणीतरी सांगितलंच असेल." एक मिरची ओवून झाल्यावर म्हणाली, "आमच्या ह्यांना आयुष्यभर जाणून घ्यायचं होतं की त्या तेरांमधलं कोण. मरेपर्यंत नाही कळलं. माझं बरं आहे. तू येऊन सांगितलंस."

यात टोमणा किती आणि खरं किती, ते मला कळलं नाही. अजून नाही कळलं. मी म्हटलं, वहिनी, कोर्टात मी सगळं बोलेन. ती म्हणाली, बोल. मग उठली, आत गेली, दाराशी येऊन मला हातानं बोलावलं. आतल्या खोलीत गाद्यांच्या ढिगाखाली पिठाचं पोतं होतं. तिनं त्याचं तोंड सोडून दाखवलं. बंदूक नवी नव्हती, पण चालती होती.

"परवा आणली. कुठून ते विचारू नकोस," ती म्हणाली. "कासेमचे भाऊ आहेत अजून वर. पाळी तर मला धरावीच लागणार. तुला दाखवलं. आता तुझं तू ठरव."

खटला न भरण्याची मुदत जुलैअखेर संपली होती. आता घरात बंदूक म्हणजे पाच वर्षं. मी पोलीस होतो, अंगावर गणवेश होता. मी पोत्याचं तोंड बांधलं, गादी सरळ केली आणि बाहेर आलो. मुलीनं कॉफी करून ठेवली होती. ती प्यायलो.

कुणाला सांगितलं नाही. महिनाभर रोज सकाळी ठाण्यात जाऊन हजेरीवर सही करायचो आणि रोज वाटायचं, आता आपण पोलीस राहिलो नाही. राकिपला दिलेला शब्द मी पोलीस म्हणून मोडला होता, आणि त्याच्या बायकोला न दिलेला शब्द पाळायचा तर पोलीस राहता येत नव्हतं. सप्टेंबरच्या शेवटी राजीनामा दिला. इमेर साहेबांनी समजावायचा प्रयत्न केला नाही.

कोर्टात ते वाक्य वाचलं गेलं. कासेमला सोळा वर्षांची शिक्षा झाली. साहेबांची चौकशी झाली आणि त्यांना समुद्राकडच्या एका ठाण्यात हलवलं. तिथलं ठाणं आमच्यापेक्षा मोठं आहे. रस्ता झाला, ठरल्याप्रमाणे, चार किलोमीटर. ब्रेग्लूममध्ये मात्र त्या हिवाळ्यात किती बंदुका परत आल्या ते कुणी मोजलं नाही. लोक म्हणायचे, बासष्टपेक्षा कमी नाहीत. यादीतली दोन घरं कुलूप लावून ग्रीसला गेली.

मी शाळेत परतलो. माझी जागा भरलेली होती, म्हणून खालच्या वर्गांवर घेतलं. दोन वर्षांनी, मधल्या सुट्टीत, एक तरुण पोलीस इन्स्पेक्टर मला भेटायला आली. ओर्नेला नाव, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, उन्हानं नाक सोललेलं. ब्रेग्लूम आता तिच्याकडे होतं. म्हणाली, सहा महिने झाले, हवा बरी आहे आणि मका बरा आहे यापलीकडे कुणी काही सांगत नाही. मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. तिनं नीट प्रश्न विचारले. कोण कुणाशी बोलत नाही, पाण्याच्या पाळ्या आता कोण ठरवतं, जावई मारतो ती लेक कुठल्या घरातली. मी जमेल तेवढं सांगितलं. तिनं काहीच लिहून घेतलं नाही, हे मी बघितलं. तिला कुणीतरी चांगलं शिकवलं होतं, किंवा तिनं माझी फाइल वाचली होती.

मग ती म्हणाली की कासेमचे भाऊ आणि हातिजे यांच्यात पुन्हा पाटावरून सुरू झालं आहे. तिला दोन्हीकडची हत्यारं आधी काढून घ्यायची आहेत, कुणी मरायच्या आत. भावांकडे काय आहे ते तिला कळलं होतं.

"हातिजेकडे आहे का काही? सर, तुम्हाला नक्की ठाऊक असणार. मी तिला अडकवणार नाही. माझा शब्द."

ती खरं बोलत होती. तिच्या जागी मी जसा होतो तशीच, कदाचित माझ्यापेक्षा बरी. मी सांगितलं असतं तर कदाचित तिनं ते पोतं गुपचूप नेलं असतं, भावांचंही नेलं असतं आणि पाट शांत झाला असता. किंवा वरून कुणी यादी मागितली असती.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं की मी खोटं बोलतोय. रागावली नाही, नुसती थकलेली दिसली. म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही तरी सांगाल." सुट्टी संपल्याची घंटा झाली. तिनं टोपी घातली, माझा हात हातात घेतला आणि गेली. मी वर्गात गेलो. तिसरीला वजाबाकी चालू होती.